खापरे आणि भाषा : प्रकाशे उत्खननाच्या निमित्ताने

तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (पूर्वी धुळे जिल्ह्यात, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात) येथे बी. के. थापर यांनी १९५५ साली केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तेथील ‘माळवा’ व ‘जोर्वे’ खापरांची नावे आधुनिक स्थलनामांवरून पडली आहेत. ती भाषावाचक नव्हेत. भांडी व्यापारानेही पसरतात. म्हणून घडण पालटली की भाषाही पालटली, असे अनुमान निघत नाही. तितिकाका सरोवरानजीकच्या तिवानाकूच्या परिसरात आज आयमारा बोलली जाते. परंतु तेवढ्यावरून प्राचीन नगरवासीयांची भाषा ठरत नाही. या दोन्ही संस्कृतींनी लेख मागे ठेवलेले नाहीत. सारांश, अहिराणीच्या पूर्वेतिहासाचा पुरावा खापरांत नव्हे, तर तिच्या ध्वनिपरिवर्तनांत, रूपांत व खानदेशच्या ग्रामनामांत शोधला पाहिजे.