चेटकिणींच्या शोधाचा हिशेब

मायकेल रीव्ज या तरुण इंग्रज दिग्दर्शकाचा १९६८ सालचा ‘विचफाइंडर जनरल’ हा चित्रपट आता घरबसल्या पाहण्याच्या तबकड्यांवर मूळ रूपात मिळू लागला आहे. भयपटांच्या चाहत्यांना त्याचे अप्रूप वाटावे हे साहजिकच आहे. तथापि भयपटांशी ज्यांना कर्तव्य नाही, त्यांनीही त्याची दखल घ्यावी. कारण या चित्रपटात भूत नाही, चेटकीण नाही, अलौकिक म्हणावे असे काहीही घडत नाही. माणसाच्या जिवाची किंमत ठरते आणि ती रोख मोजून दिली जाते, एवढेच त्यातले भय आहे.

या चित्रपटाच्या वाट्याला आलेले हालही पैशाच्याच पायी होते. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने त्यातील छळाच्या दृश्यांना कात्री लावली. अमेरिकेत व्हिन्सेंट प्राइस आणि एडगर अॅलन पो या दोन नावांवर गर्दी जमते, हे वितरकांना ठाऊक होते. म्हणून पोच्या कथेशी काडीचाही संबंध नसलेल्या या चित्रपटाला त्याच्या एका कवितेचे नाव दिले गेले. पुढे अमेरिकेतील व्हिडिओ कॅसेटींवरून पॉल फेरिस यांचे मूळ संगीत काढून तेथे सिंथेसायझरचे सूर भरण्यात आले. २००७ सालच्या तबकडीत ते संगीत परत आले. कापलेली दृश्येही नंतरच्या आवृत्त्यांत पुन्हा जोडली गेली. अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १९६९ साली मरण पावलेल्या रीव्ज यांना यांपैकी काहीच पाहता आले नाही.

चित्रपटाचा खलनायक मॅथ्यू हॉपकिन्स ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. एसेक्स परगण्यातील मॅनिंगट्री गावच्या या माणसाने १६४५ ते १६४७ या काळात पूर्व इंग्लंडमध्ये चेटकिणी शोधण्याचा व्यवसाय केला. त्याच्या व त्याचा साथीदार जॉन स्टर्न याच्या खटपटीमुळे सुमारे शंभर माणसे फासावर गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पहिला आळ आला तो एलिझाबेथ क्लार्क या एका पायाच्या, वृद्ध, दरिद्री बाईवर. इंग्लंडच्या कायद्याला शारीरिक छळ मान्य नव्हता. म्हणून आरोपींना रात्रंदिवस जागे ठेवणे, दमून कोसळेपर्यंत चालवणे, पाण्यात टाकून तरंगते की बुडते ते पाहणे, अशा युक्त्या योजल्या जात. ब्रँडेस्टनचे ऐंशीच्या घरातील धर्मोपदेशक जॉन लोज यांच्याकडून असाच कबुलीजबाब काढण्यात आला आणि त्यांना फाशी झाली.

हे केवळ अंधश्रद्धेचे फळ होते काय? अंधश्रद्धा तर शतकानुशतके होतीच. मग याच तीन वर्षांत एवढे बळी का जावेत? एक कारण उघड आहे. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवीमुळे न्यायाधीशांचे नेहमीचे दौरे विस्कळीत झाले होते आणि गावोगावच्या पुढाऱ्यांवर अंकुश उरला नव्हता. दुसरे कारण अॅलन मॅकफार्लेन आणि कीथ थॉमस या अभ्यासकांनी १९७०-७१ च्या सुमारास मांडले. गरीब शेजारणीला भिक्षा नाकारायची आणि पुढे घरात मूल दगावले की तिचाच शाप लागला असे मानायचे, ही त्या आरोपांमागची नित्याची कहाणी होती. नाकारलेल्या दानाची टोचणी आरोपाच्या रूपाने बाहेर पडत होती.

अशा रीतीने मागणी तयार होती. हॉपकिन्सने पुरवठा केला. स्टोमार्केट गावाला या कामासाठी २३ पौंड मोजावे लागले. त्या काळी शेतमजुराची वर्षभराची कमाईही एवढी नसे. हा बोजा पडला तो अर्थात गावकऱ्यांवरच. चेटकीण सापडली नाही तर शोधकाला पुन्हा कोण बोलावणार? ज्याचे पोट गुन्हेगार सापडण्यावर अवलंबून असते, त्याला गुन्हेगार सापडतोच. त्यासाठी तो मनुष्य राक्षस असावा लागत नाही.

रीव्ज यांनी इतिहासाशी पुष्कळ स्वातंत्र्य घेतले आहे. इंग्लंडमध्ये चेटकिणींना सामान्यतः जाळत नसत, फाशी देत. चित्रपटात मात्र लॅव्हनमच्या चौकात एका स्त्रीला जिवंत जाळले जाते. खरा हॉपकिन्स ऐन तारुण्यात होता; प्राइस तेव्हा पन्नाशी उलटलेले होते. पडद्यावर त्याच्यावर कुऱ्हाडीचे घाव पडतात. प्रत्यक्षात तो १६४७ साली आजाराने वारला. या चित्रपटातील क्रौर्यावर नाटककार अॅलन बेनेट यांनी कडाडून टीका केली होती. हिंसा ओंगळच असते आणि ती ओंगळच दिसली पाहिजे, असे रीव्ज यांचे उत्तर होते. शेवटच्या प्रसंगात सूड घेणारा नायकही वेडाच्या सीमेवर पोहोचतो, हे पाहिले म्हणजे त्या उत्तरातील प्रामाणिकपणा पटतो.

परंतु खऱ्या इतिहासाचा शेवट चित्रपटाहून अधिक बोधप्रद आहे. तेथे कुऱ्हाड चालली नाही. प्रश्न विचारले गेले. ग्रेट स्टॉटनचे धर्मोपदेशक जॉन गॉल यांनी हॉपकिन्सविरुद्ध प्रवचने दिली आणि १६४६ मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले. आपले स्वागत होईल व मोबदला मिळेल अशाच ठिकाणी आपण जाऊ, असे हॉपकिन्सने पत्रात कळवले होते. नॉरफोकच्या न्यायाधीशांपुढेही लोकांचे आक्षेप गेले. त्यांतील शेवटचा आक्षेप हा मनुष्य पैशासाठी मुलूख लुटतो असाच होता. आपण गावामागे फक्त वीस शिलिंग घेतो, असे समर्थन हॉपकिन्सला १६४७ च्या पुस्तिकेत छापावे लागले. ज्याला आपल्या बिलाचे समर्थन करावे लागते, त्याचा धंदा उतरणीला लागलेला असतो.

कायदा बदलायला मात्र पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली. १७३६ पासून ब्रिटनमध्ये चेटूक हा गुन्हा राहिला नाही. चेटकाची शक्ती असल्याची बतावणी हा गुन्हा ठरला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही फसवणूक व शोषण करणाऱ्यावरच आहे. कायदा हवाच. पण कुणी कुणाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असे म्हणू लागला, की त्या बोटाला मोबदला किती आणि तो देतो कोण, एवढे तरी नागरिकाने विचारले पाहिजे. स्टोमार्केटच्या गावकऱ्यांनी ते आधी विचारले असते, तर काही जीव वाचले असते.