मॅगव्हीलला तडा गेलाय? वेल्डिंगआधी हे वाचा



टोमॅटोचे तोडे सुरू झाले की पिकअप रोज रस्त्यावर, आणि रस्ते तर तुम्हाला माहीतच आहेत. ग्रुपवर दोन प्रश्न परत परत येतायत. "पिकअपला अलॉय बसवू का?" आणि "मोटारसायकलच्या मॅगव्हीलला तडा गेलाय, आर्गन वेल्डिंग चालेल का?" दोन्हीचं उत्तर हे चाक बनतं कसं यात आहे, म्हणून आज जरा सविस्तर.

*फायदा खरा आहे, पण कुणाला?*
अॅल्युमिनियम लोखंडाच्या मानाने साधारण एक-तृतीयांश वजनाचं. पण चाक काही तिप्पट हलकं होत नाही, कारण ताकद यावी म्हणून ते जाड ओततात. कार-पिकअपच्या आकारात चाकामागे किलो-दोन किलो वाचले तर वाचले, कधी तेवढेही नाहीत. मोठ्या ट्रक-टँकरचं गणित वेगळं. तिथे ओतीव नाही, घडीव अॅल्युमिनियमची चाकं मिळतात. अशा दहा चाकांत शंभर किलोहून जास्त वजन वाचू शकतं. तेवढं दूध पासिंगच्या मर्यादेत राहून जादा भरता येतं.

मोटारसायकलला फायदा दुसरा. तारांच्या चाकात तारांची भोकं असतात, म्हणून सहसा ट्यूब लागते. मॅगव्हील एकसंध, म्हणून ट्यूबलेस चालतं आणि खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. रात्री शेतावरून येताना याची किंमत कळते. ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. आपण पकड यावी म्हणून टायरात पाणी भरतो, तिथे हलकं चाक घेऊन करायचं काय?

*चाक बनतं कसं*
आपल्या पुणे जिल्ह्यातच, शिक्रापूर आणि खेड भागात, अशी चाकं बनवणारे कारखाने आहेत. अॅल्युमिनियममध्ये सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो आणि साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. सुमारे 700 अंशांवरचा हा रस बहुतेक ठिकाणी वरून ओतत नाहीत. हवेच्या हलक्या दाबाने तो खालून साच्यात चढवतात, म्हणजे आत बुडबुडे कमी राहतात. तरीही राहिले असतील तर एक्स-रे काढून बघतात.

आता मुद्द्याचं. साच्यातून निघालेलं चाक अजून पुरेसं मजबूत नसतं. ते सुमारे 540 अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात, लगेच पाण्यात बुडवतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास पुन्हा काही तास तापवतात. लोहार विळ्याला पाणी देतो ना, तसलाच प्रकार, फक्त इथे कडकपणा शेवटच्या मंद आचेवर येतो. त्यानंतर लेथवर कातणं, गळती तपासणं, रंग.

*म्हणूनच वेल्डिंग नको*
पाणी दिलेला विळा परत भट्टीत घातला तर त्याचं पाणी उतरतं. तडा वेल्ड करताना नेमकं तेच होतं. जोडाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. वरून घासून रंग मारला की चाक नव्यासारखं दिसतं, टपात बुडवलं तर हवाही धरतं. पण हवा धरली म्हणजे भार धरेल असं नाही. पुढच्या खड्ड्यात, मागे बायको-मुलं बसलेली असताना, ते तिथेच तुटू शकतं. गॅसने तापवून ठोकून सरळ करणं हाही तोच धोका. आऱ्याला किंवा मधल्या भागाला तडा असेल तर चाक थेट भंगारात घाला. अॅल्युमिनियमच्या भंगाराला भावही बरा मिळतो. नुसता वरवरचा ओरखडा असेल तर काळजी नाही.

*पिकअपला काय करावं?*
आमचं मत: लोखंडी डिस्कच ठेवा. लोखंड आधी वाकतं, दिसतं, सावध करतं. ओतीव अलॉय जोराच्या धक्क्याला सरळ तडकू शकतं. तरी बसवायचंच असेल तर चाकाच्या मागच्या बाजूला भाराचा आकडा बघा. मागच्या एक्सलवर मालासकट 2000 किलो येत असतील, तर एका चाकावर 1000 किलो आले. कारच्या अलॉयवर हा आकडा बऱ्याचदा 500 ते 700 च्या घरात असतो. म्हणून दिसायला बसतंय म्हणून कारचं जुनं चाक पिकअपला लावू नका. आयएसआय चिन्ह बघून घ्या. नट अलॉयला चालणारेच हवेत, जुने नट बसतातच असं नाही. बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरला नट पुन्हा आवळून घ्या.

द्राक्षवाल्यांसाठी एक: अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण मोरचूद त्याला खातं. बोर्डोचं पाणी किंवा खत चाकावर सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा आणि अॅसिडने चाक चमकवू नका.

तुमच्या चाकाबद्दल शंका असेल तर मागच्या बाजूचे आकडे नीट दिसतील असा फोटो काढून कंपनीच्या याच नंबरवर टाका. तडा असेल तर त्याचाही फोटो टाका, आणि उत्तर येईपर्यंत गाडी उभीच ठेवा.