सूर मारताना इंजिन का अडे?

कुंभारीजवळचा नळदुर्ग-तुळजापूरचा भाग १९४० मध्ये हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. तिची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या आकाशात जर्मन मेसरश्मिट १०९ शी लढली. जर्मन वैमानिक विमानाचे नाक झटकन खाली करून निसटत. तसाच सूर मारणाऱ्या स्पिटफायरचे इंजिन मात्र क्षणभर बंद पडे! असे का?

विमान एकदम खाली वळले, की जडत्वामुळे कार्बुरेटरमधले पेट्रोल वर उसळे आणि इंजिनाचा पुरवठा बिघडे. जर्मन इंजिनात पंप पेट्रोल दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारी. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने इंधनाच्या वाटेत छिद्राची छोटी चकती बसवली. दोष बराच आटोक्यात आला.

वर्गात अर्धी भरलेली, झाकण लावलेली बाटली झटकन खाली ओढून पाहा. पाणी कुठे जाते?