कपड्यावरचा ‘क्यूसी पास’ टॅग: तो नक्की कोणासाठी असतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ऐन गर्दीत इयरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात देतोय. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जरा कमी केलेत, बाकी सगळं तेच.

आजचा विषय अगदी छोटा आहे. नवा शर्ट उघडला की खिशातून एक चिठ्ठी पडते किंवा कॉलरजवळ गोल स्टिकर दिसतो. ‘क्यूसी पास’, ‘चेक्ड’, ‘ओके’, नाहीतर नुसता एक नंबर. आपण तो काढतो, चुरगाळतो आणि टाकून देतो. पण दुकानात असताना त्याच स्टिकरकडे बघून मनात कुठेतरी बरं वाटलेलं असतं: चला, कोणीतरी तपासलंय!

प्रश्न हाच आहे. कोणी तपासलंय, काय तपासलंय आणि त्यातून आपल्याला काय मिळतं? पॉकेटमनीतून घेतलेला पाचशेचा टी-शर्ट असो की घरच्या लग्नासाठी घेतलेली पंधरा-वीस हजारांची पैठणी, पैसे आपलेच जाणार असतात.

चिठ्ठी कोण ठेवतं?

कपड्याच्या कारखान्यात शिलाईची लाइन असते. एक जण कॉलर लावतो, दुसरा बाही, तिसरा काज-बटण. मध्येच एक चेकर बसलेला किंवा बसलेली असते, आणि लाइनच्या शेवटी आणखी एक. चेकर पीस उलटासुलटा करून बघतात. टाका सुटलाय, डाग पडलाय, बाही लहान-मोठी झालीय असं दिसलं, की त्या जागी लाल बाणाचा छोटा स्टिकर लावून पीस परत पाठवतात. ठीक असेल तर पुढे इस्त्री आणि पॅकिंग.

चेकरचा नंबर असतो तो यासाठी. उद्या तक्रार आली तर हा पीस कोणाच्या हातून गेला हे कारखान्याला कळावं. अमेरिकेत खिशात मिळणारी ‘इन्स्पेक्टेड बाय नंबर अमुक’ ही चिठ्ठी याच जातीची. म्हणजे हा कागद मुळात कारखान्याच्या आतल्या हिशेबाचा आहे. आपल्यासाठी लिहिलेलं ते पत्रच नाही. तो नंबर घेऊन आपण दुकानदाराकडे गेलो, तरी त्याला त्यातून काही कळणार नाही.

आणि त्या नंबरामागे एक माणूस आहे, हेही लक्षात ठेवूया. बहुतेक ठिकाणी चेकरलाही तासाला इतके पीस असं टार्गेट असतं. एका शर्टाला मिळतात काही सेकंद, नाहीतर एखाद-दोन मिनिटं. तेवढ्यात डोळ्याला जे दिसतं, तेवढंच पकडलं जातं.

दोन हजारांतले १२५

आता पुढची पायरी. माल परदेशी किंवा मोठ्या ब्रँडला जाणार असेल, तर खरेदीदाराचा इन्स्पेक्टर शेवटची तपासणी करतो. तो सगळे पीस बघतो का? नाही. इथे ‘एक्यूएल’ नावाचा प्रकार येतो, म्हणजे किती दोष चालवून घ्यायचे याची आधीच ठरलेली मर्यादा.

समजा २,००० शर्टांचा लॉट आहे. नेहमीच्या तक्त्यानुसार त्यातले १२५ शर्ट काढून तपासतात. कपड्यांसाठी मोठ्या दोषांची मर्यादा बऱ्याचदा २.५ धरतात. त्या हिशेबाने १२५ मध्ये मोठे दोष ७ पर्यंत निघाले तर लॉट पास, ८ निघाले तर नापास. बारीकसारीक दोषांसाठी मर्यादा ४ धरली, तर १० पर्यंत पास. उरलेले १,८७५ शर्ट या तपासणीत कोणी उघडतही नाही.

ऐकायला ही फसवणूक वाटेल, पण तशी ती नाही. या पद्धतीची मुळं १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आहेत. हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासून अख्ख्या मालाचा अंदाज घेण्याचं गणित मांडलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानासाठी अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. कारण सोपं आहे: प्रत्येक गोळी झाडून तपासली, तर लढायला गोळी उरेल कुठे? आज हेच तक्ते ‘आयएसओ २८५९’ या नावाने जगभर वापरात आहेत.

मुद्दा इतकाच की ‘लॉट पास’ आणि ‘तुमच्या हातातला शर्ट पास’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाताची दोन शितं दाबून भात शिजलाय हे कळतं, पण तळाशी करपलाय का ते कळत नाही.

‘पास’ म्हणजे चांगला, असं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणी होते ती ठरलेल्या नमुन्याशी आणि मापांशी. ब्रँडने स्वस्तातला पातळ कपडा ठरवला असेल आणि कारखान्याने तोच पातळ कपडा नीट शिवून दिला, तर तो पासच होणार. दोन धुण्यांत टी-शर्ट ढगळ होईल, पण चेकरची त्यात काही चूक नाही. त्याला विचारलेला प्रश्न ‘हा शर्ट टिकेल का?’ असा नव्हताच. प्रश्न होता, ‘हा सांगितल्यासारखा झालाय का?’

शिवाय रंग जाणं, आटणं, गोळे येणं हे टेबलावर डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी लॅबमध्ये कापड धुवावं आणि घासावं लागतं. चांगले ब्रँड ते करतात, पण त्याची नोंद त्या गोल स्टिकरवर नसते.

मुंबई-पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून जो माल मिळतो, तिथे तर आणखी मजा आहे. एखादा पीस खरोखर जास्तीचा बनलेला असू शकतो, एखादा नापास लॉटमधला असू शकतो, आणि एखाद्याचा एक्स्पोर्टशी काही संबंधही नसू शकतो. तिन्हींवर टॅग सारखाच दिसेल.

मग टॅग लावतात कशाला?

कारण आपण बघतो! जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन त्याने विचारलं: विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, तेव्हा काय होतं? उत्तर असं, की घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो, चांगल्या मालालाही भाव मिळत नाही आणि चांगला माल विकणारे बाजारातून निघून जातात. हा माणूस त्याआधी दिल्लीत काही काळ शिकवायला होता. म्हणूनच त्या लेखात भारतातली उदाहरणंही आहेत: तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणारी गृहिणी, आणि निर्यातीच्या मालाची तपासणी व्हावी म्हणून १९६३ मध्ये केलेला कायदा. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

थोडक्यात, घेणाऱ्याला खात्री हवी असते आणि टॅग ती देऊ पाहतो. पण खुणेला किंमत कधी येते? खोटी खूण लावणं महाग किंवा धोक्याचं असेल तेव्हा. ‘क्यूसी पास’चे हजार स्टिकर कोणीही छापून घेऊ शकतं. त्यामागे कायदा नाही, परवाना नाही, नंबर तपासायची सोय नाही. याउलट दुचाकीच्या हेल्मेटवरचा आयएसआय मार्क बघा. जून २०२१ पासून तो सक्तीचा आहे, त्याखाली परवाना क्रमांक असतो आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो आपल्याला तपासता येतो. फरक इथे आहे.

कपड्यांवरच्या अर्थ असलेल्या खुणा

कपड्यांमध्येही अशा काही खुणा आहेत. फक्त प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचं उत्तर देते, सगळ्या नाही.

सिल्क मार्क: २००४ पासून, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने. अर्थ इतकाच की रेशीम अस्सल आहे. जर खरी आहे का, साडी हातमागावरची आहे का, हे तो सांगत नाही.

हँडलूम मार्क: २००६ पासून. याचं काम मुंबईत मुख्यालय असलेली वस्त्रोद्योग समिती बघते. अर्थ: कापड हातमागावर विणलंय. ते रेशमी आहे की सुती, हा त्याचा विषय नाही.

आता पैठणी घ्यायला येवल्याला किंवा जवळच्या दुकानात गेलात तर हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. सिल्क मार्क असलेली साडी पॉवरलूमवरची असू शकते, आणि तशी घ्यायला हरकतही नाही. पण हातमागाचा भाव देऊन ती घेऊ नका. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या अस्सल पैठणीत मोर, वेल उलट्या बाजूनेही जवळपास तसेच स्वच्छ दिसतात. मागे लोंबणारे, कापलेले धागे दिसले तर भाव त्या हिशेबाने करा.

वुलमार्क: १९६४ पासून, लोकरीसाठी.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १००: १९९२ पासून. कापडात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेत आहेत, हे तो सांगतो. लहान बाळांच्या कपड्यांसाठी सगळ्यात कडक वर्ग आहे. पण याचा अर्थ ऑरगॅनिक असा नाही. लेबलवरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो.

जीओटीएस: हा ऑरगॅनिकसाठी. नुसतं ‘ऑरगॅनिक’ म्हणायचं तर किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’साठी किमान ७० टक्के.

शिवणीतलं लेबल वाचा

चकचकीत लटकत्या टॅगपेक्षा बाजूच्या शिवणीत शिवलेलं पांढरं लेबल जास्त बोलतं, बरं का. ‘कॉटन फील’ आणि ‘१०० टक्के कॉटन’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कॉटनचा एक धागाही नसू शकतो. धुण्याच्या खुणाही तिथेच असतात: टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, गोल म्हणजे ड्रायक्लीन. फुली असेल तर ते करायचं नाही. पाचशेचा टॉप आणि त्यावर ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेलं दिसलं, तर खरा खर्च पुढेच आहे हे समजून जा.

ट्रायल रूममधली दोन मिनिटं

चेकर बनायला फार काही लागत नाही. कपडा आतून बाहेर काढा. टाके बारीक आणि सारखे आहेत का बघा. शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा, मध्ये फट दिसली तर ती पुढे उसवणार. उजेडासमोर धरा, हात स्पष्ट दिसला तर कपडा पातळ आहे. टी-शर्टची बाजूची शिवण सरळ खाली येते का? आत्ताच तिरकी जात असेल तर धुतल्यावर आणखी फिरेल. ताणून सोडा, मूळ आकार परत येतो का पाहा. गडद रंग असेल तर घरी आणल्यावर आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल घासा. बराच रंग उतरला तर बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवू नका, आणि परत करायचा असेल तर पुढचं वाचा.

टॅग कापण्याआधी

लटकत्या टॅगचा आपल्या दृष्टीने खरा उपयोग इथे आहे. बदलून घेताना किंवा ऑनलाइन रिटर्न करताना दुकानदार आधी टॅग बघतो. त्यामुळे घरी पूर्ण घालून, बसून, हात वर करून बघेपर्यंत तो कापू नका. बिल जपून ठेवा, निदान फोटो तरी काढा.

‘रंग आवडला नाही’ आणि ‘शिवण उसवली’ या वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी दुकानाचं धोरण चालतं. दुसरीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदतच नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे विचारतील ते बिल, तारीख आणि दोषाचा फोटो. ‘पण यावर क्यूसी पास लिहिलं होतं’ हे आपण सांगू शकतो, पण केस उभी राहते ती बिलावर.

तर टॅगला अर्थ आहे का? आहे, पण तो कारखान्यापुरता. आपल्यासाठी अर्थ त्या खुणेला, जिच्यामागे नाव, नंबर आणि जाब विचारायची जागा आहे.

पुढच्या वेळी पैठणी किंवा टी-शर्ट, काहीही घेताना आधी तो उलटा करून बघा. हा भाग खरेदीला निघालेल्या मैत्रिणीला, भावाला नक्की फॉरवर्ड करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!