गवत की झाड?

वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. १९२७च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवले आणि पुढची नव्वद वर्षे तो तिथेच राहिला. जंगलात बांबू कुणी कापायचा आणि कापला तर चोर कोण, हे त्या एका शब्दावर ठरत गेले. जंगल राखणारे एकीकडे आणि तोडणारे दुसरीकडे, अशीच जंगलाची लढाई आपल्याला सांगितली जाते. बांबूची हकिगत मात्र तशी नाही.

१९५८मध्ये कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागद कारखान्याला उत्तर कन्नडमधला बांबू टनाला दीड रुपया दराने देण्याचा करार झाला. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात शेकडो पटींनी महाग पडत होता. बांबूची बेटे भराभर संपू लागली, तेव्हा ठपका आला गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर.

सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही बेटे प्रत्यक्ष तपासली. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. पावसाळ्यात जमिनीतून कोवळे कोंब वर येतात, त्यांना हे काटे जपतात. बेट मोकळे झाले की बांबू जोमाने वाढेल, अशा समजुतीने कारखान्याची माणसे काटे साफ करत होती. मग गुरे, साळिंदर, वानरे कोंब फस्त करत. गावकरी आणि बुरूड काट्यांना हात लावत नसत, कारण पुढच्या वर्षीही त्यांना त्याच बेटाकडे यायचे होते. कारखान्याला तशी गरज नव्हती. इथला बांबू संपला, तेव्हा कारखाना तो परराज्यांतून आणू लागला.

गडचिरोलीतही जंगलातला बांबू कागद कारखान्याकडे जात होता आणि घरासाठी चार बांबू आणणारा गोंड गुन्हेगार ठरत होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ऐंशीच्या दशकापासून याला शांतपणे पण ठामपणे उत्तर दिले. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची रीत रुजवली: आधी विषय समजून घ्यायचा, मग सर्वसहमतीने ठरवायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा राज्यभर पोचली.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला निघाले की वाहतूक परवाना आडवा येई, कारण वनखात्याच्या लेखी बांबू अजून झाडच होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. डोंगराएवढ्या हक्काला एका पावतीपुस्तकासाठी जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले. कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो थेट २०१७मध्ये.

गावाच्या हाती जंगल दिले तर गाव ते विकून खाईल, ही भीती या सगळ्या काळात बोलून दाखवली गेली. तिचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात आहे. २०१२मध्ये वनहक्क मिळाल्यावर पाचगावने बांबूची तोड स्वतःच्या नियमांनी सुरू केली. त्याच गावाने तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले. उन्हाळ्यातला हा हुकमी पैसा, पण कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळे, म्हणजे टेंभरं, धरतच नाहीत. आता ती टेंभरं झाडावर पिकतात. पाखरे खातात, माणसेही खातात. हा निर्णय ग्रामसभेचा होता, आणि तो घेणारी माणसे बांबू तोडूनच पोट भरतात.