वनाचा योगक्षेम

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत हिंगणी नांवाचें गांव आहे. गांव ओलांडून पुढें गेलें कीं बोर नदीवरील धरण लागतें, आणि त्या जलाशयाच्या सभोंवतीं साग, ऐन, मोह व बांबू यांचें रान पसरलेलें दिसतें. या रानास १९७० सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१४ सालीं त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हां त्याचें क्षेत्र अवघें १३८ चौरस किलोमीटर होतें. सुटीच्या दिवशीं नागपुराकडील मंडळी येथें वाघ पाहावयास येतात. आम्ही या लेखांत वाघाविषयीं थोडें आणि रानाच्या कांठीं राहणाऱ्या माणसाच्या चुलीविषयीं, गोठ्याविषयीं व शेताविषयीं अधिक लिहिणार आहों. कारण रानाचें भवितव्य तेथें ठरतें, असें आमचें मत आहे.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सुंदर सामासिक शब्द आहे. जें आपणांस मिळालेलें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें म्हणजे क्षेम. आपण हा शब्द ‘उदरनिर्वाह’ एवढ्याच अर्थीं वापरूं लागलों आणि त्याचा उत्तरार्ध हळूहळू विसरलों. रानाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे.

जुन्या मध्यप्रांतांत खेड्यांतील रयतेस रानांतून सरपण, गवत, कुंपणाचे कांटे, घराच्या वाशांचें लांकूड घेण्याचा व गुरें चारण्याचा वहिवाटीचा हक्क असे. त्यास ‘निस्तार’ म्हणत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पणजे या प्रांतांत मालगुजार असतील. त्यांच्या घरच्या जुन्या दप्तरांत हा शब्द अजूनहि सांपडेल. १९५१ सालीं मालगुजारी संपली व तिच्याबरोबर खासगी रानें आणि तलाव सरकारकडे गेले. जुलमाची एक पद्धति गेली हें योग्यच झालें. निस्ताराचा हक्कहि बुडाला नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत विदर्भासाठीं निस्तारपत्रकाची तरतूद आहे. मात्र घ्यावयाचें काय तें कागदावर उतरलें, आणि राखावयाचें कोणीं हें गांवाच्या मनांतून पुसलें गेलें. रान सरकारचें, तेव्हां राखणहि सरकारची, अशी समजूत रूढ झाली. योग उरला, क्षेम गेला.

पाण्याच्या बाबतींत याचा परिणाम लवकर दिसला. भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजानें बांधलेले तेथील शेंकडों तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नांवानें ओळखले जातात. नांव गोड असलें तरी मामाचा सांभाळ करणारा भाचा कोणी उरला नाहीं! गाळ सांचला, बेशरमाच्या झुडपांनीं कांठ व्यापले, आणि ढिवर कोळ्यांच्या जाळ्यांत देशी मासे येईनासे झाले. मनीष राजनकर व त्यांचें भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनीं या ढिवरांनाच हातीं धरलें. कोणती पाणवनस्पति कोठें उगवते आणि कोणता मासा तिच्या आश्रयानें अंडीं घालतो, हें ज्ञान ढिवरांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होतेंच. त्यांनीं बेशरम उपटली व देशी पाणवनस्पति पुन्हां लावल्या. तेव्हां मासे परतले आणि त्यांच्यामागून पक्षीहि आले. कोळ्याची मिळकत व तलावाचें आरोग्य एकाच उपायानें सुधारलें.

रानाचें उदाहरण पाहावयाचें तर गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत जावें लागेल. तेथील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें देवाजी तोफा यांच्या पुढाकारानें व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहाय्यानें एक रीत पाडली: प्रश्न आला कीं आधीं अभ्यासगटांत बसून तो समजून घ्यावयाचा, आणि निर्णय ग्रामसभेंत सर्वांच्या संमतीनेंच करावयाचा. जन्मभर शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यास यांतील ‘अभ्यास’ हा शब्द विशेष भावला. २००९ सालीं या गांवास सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीहि बांबूची अडचण राहिलीच. १९२७ चा वनकायदा बांबूला वृक्षांत गणीत असे, नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणे. आणि वाहतुकीचा परवाना हातीं नसेल तर हक्काचा बांबूहि विकतां येईना. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गांवांत आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं झालें.

हातीं सत्ता आली म्हणजे खेडूत रान ओरबाडून खातील, ही शंका सुशिक्षितांच्या तोंडीं नेहमीं असते. तिला चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवनें कृतीनें उत्तर दिलें. २०१२ सालीं या गांवास सुमारें १००० हेक्टर रान मिळालें. विदर्भांत उन्हाळ्यांतील रोख पैसा म्हणजे तेंदूपत्ता. परंतु कोंवळी पानें फुटावीं म्हणून तेंदूचीं झुडपें छाटतात व पुष्कळदां रानास आग लावतात. पाचगांवनें विचार करून तेंदूपत्ता तोडणें बंद केलें आणि बांबूवर निर्वाह चालविला. हातचा पैसा रानासाठीं सोडणाऱ्या या गांवास कोणाच्या व्याख्यानाची गरज पडली नाहीं. रान उद्यांहि आपलेंच राहणार, हा भरंवसा त्यास पुरला.

ज्या कायद्यानें हें शक्य झालें तो २००६ सालचा वनहक्क कायदा होय. त्याच्या तिसऱ्या कलमांत हक्क सांगितले आहेत. पांचव्या कलमांत वन्यजीव, वन, पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांचें रक्षण करण्याचा अधिकार आणि भार ग्रामसभेवर सोंपविला आहे. तिसरें कलम योगाचें आणि पांचवें क्षेमाचें. शिकारीची मोकळीक मात्र त्यांत कोठेंहि नाहीं.

आतां हिंगणीकडे वळूं. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांत माणसाचा व गुराचा वावर नको, हें आम्हांस मान्य आहे. वाघास निवांत जागा हवीच. पण त्या निवांतपणाची किंमत कोण देतो? रानडुकरें व रोही एका रात्रींत ज्याचें उभें पीक आडवें करतात तो शेतकरी, आणि चराई बंद झाल्यामुळें ज्याच्या गवळाऊ गाईंचें खिल्लार आटत चाललें तो नंदगवळी. सरकारास याची जाणीव नाहीं असें नाहीं. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना व्याघ्रप्रकल्पांभोंवतालच्या गांवांसाठीं आहे. चुलीस गॅस आला कीं डोक्यावरची मोळी उतरते, हा लाभ लहान नव्हे. तथापि साहाय्य घेणारा उपकृत होतो. राखणदार होण्यास त्याच्या हातीं कांहीं तरी सोंपवावें लागतें. गाभ्याबाहेरचें रान, ओढ्यांचे उगम व गवताचीं कुरणें गांवांच्या राखणीस दिलीं आणि तेथील गवत, मोह, चारोळी त्यांच्या हक्काची ठरविली, तर वणवा पेटतांच पहिला धांवणारा माणूस गांवचा असेल. धरणांत गाळ कमी उतरेल, आणि त्याच धरणाच्या कालव्यावर भिजणाऱ्या शेतांचेंहि त्यांत हित आहे.

वाचकांपैकीं ज्यांचें मूळ गांव विदर्भांत असेल त्यांनीं पुढच्या खेपेस गांवीं गेल्यावर तलाठ्याकडे निस्तारपत्रक पाहावयास मागावें, व तें ग्रामसभेंत वाचून दाखवावें. कित्येक तरुणांस असा कागद आहे हेंच ठाऊक नसतें. ज्यांचें गांव तेथें नाहीं, त्यांनीं मोहाचीं फुलें, मध, चारोळी घेतांना ग्रामसभांचा किंवा बचतगटांचा माल मिळतो का याची चौकशी करावी आणि दोन पैसे अधिक पडले तरी तो घ्यावा. दलालाच्या थैलींत जाणारे ते दोन पैसे गोळा करणारीच्या हातीं पडले, तर पुढल्या चैत्रांत ती मोहाखालीं आग न लावतां फुलें वेंचील. उन्हांतान्हांत पाचोळा हातानें झाडून काढण्याचे श्रम तेव्हांच तिला परवडतील.