हरणांच्या शिकारीला हंगाम का नाही?

रत्नागिरीच्या भातशेतीत रानडुकरे शिरतात, सांबर-भेकरही कोवळे पीक खातात. मग परदेशासारखा शिकारीचा हंगाम का नको? आपल्याकडेही परवाने होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही ते ठेवले होते. १९९१च्या दुरुस्तीने बंद केले. आता आधार कलम ११चा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक शिकारीची परवानगी देतात. दुसऱ्या अनुसूचीतल्यांसाठी उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण चालते आणि प्राधिकृत अधिकारीही परवानगी देऊ शकतो. मारलेला प्राणी सरकारजमा होतो, म्हणून मटणाचा मोह उरत नाही. पीकसंरक्षणासाठी मिळालेली बंदूक म्हणजे शिकारीची मुभा नव्हे.

परवानगी येईपर्यंत पीक फस्त होते, हा आक्षेप रास्त आहे. पण हंगाम तारखा पाहतो, नुकसान नव्हे. शिवाय रात्रीच्या बॅटरीत डुक्कर कोणते, भेकर कोणते, हे तारीख सांगत नाही. उपाय आहे तो निर्णय तालुक्याच्या पातळीवर लवकर होण्यात आणि भरपाई वेळेवर मिळण्यात.